न ठरवता ठरलेले : संगणकाच्या गृहीत मांडणीचा इतिहास

नवीन संगणक सुरू केला की त्यातल्या शेकडो गोष्टी आधीच ठरलेल्या असतात. अक्षरांचा आकार किती असावा, तारीख कशी दिसावी, बराच वेळ कोणी हात लावला नाही तर पडदा काळा करावा की नाही, इत्यादी. आपण स्वतः काही न ठरवल्यास जी मांडणी लागू होते तिला संगणकाच्या भाषेत 'डिफॉल्ट' म्हणतात. या लेखापुरते आपण तिला 'गृहीत मांडणी' म्हणू. अक्षरांच्या आकाराबाबत काय गृहीत धरले याने फारसे बिघडत नाही. परंतु 'ही फाइल कोणकोणाला वाचता यावी?' किंवा 'बाहेरून आलेली विनंती स्वीकारावी का?' या प्रश्नांची उत्तरेही अशीच आधी देऊन ठेवलेली असतात, आणि संगणक वापरणारे बहुतेक लोक ती कधीच तपासत नाहीत. म्हणजे त्यांच्या वतीने निर्णय झालेला असतो, पण तो त्यांनी केलेला नसतो.

हे निर्णय मुख्यतः कार्यप्रणालीत असतात. यंत्रसामग्री आणि आपण वापरतो त्या आज्ञावल्या यांच्यामध्ये राहून सगळा कारभार पाहणारी ती मूळ व्यवस्था. तिच्या इतिहासात एक कोडे आहे. परवानगीच्या बाबतीत गृहीत मांडणी 'बंद' असावी, ज्याला हवे त्याने ती उघडावी, हे तत्त्व १९६५ मध्येच सुचले होते आणि १९७५ मध्ये ते सविस्तर छापूनही आले. तरी घरोघरच्या संगणकात ते ठळकपणे उतरायला २००४ साल उजाडावे लागले. मधली चाळीस वर्षे काय अडले होते?

एक यंत्र, अनेक माणसे

सुरुवातीच्या संगणकावर एका वेळी एकाच माणसाचे काम चाले. तेव्हा कोणाला काय दिसावे हा प्रश्नच नव्हता. १९६१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे एमआयटीत, फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सीटीएसएस' ही कार्यप्रणाली चालवून दाखवली. तिच्यामुळे अनेक जण आपापल्या टंकयंत्रासारख्या टर्मिनलवरून एकाच संगणकावर एकाच वेळी काम करू लागले. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात म्हणून प्रत्येकाला परवलीचा शब्द देण्यात आला.

याच यंत्रावर १९६०च्या दशकाच्या मध्यात एक प्रसंग घडला. तो पुढे कॉर्बातो यांनी १९९० च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात सांगितला. संगणकावर काम सुरू करताना प्रत्येकाला 'आजची सूचना' दिसत असे. एके दिवशी त्या सूचनेच्या जागी सर्व वापरकर्त्यांचे परवलीचे शब्द छापून येऊ लागले! झाले होते असे : एक व्यवस्थापक सूचनेची फाइल दुरुस्त करत होता आणि दुसरा परवलीच्या शब्दांची. दोघेही एकाच संपादन आज्ञावलीवर काम करत होते. ती आज्ञावली तात्पुरत्या फाइलीला दर वेळी एकच ठरावीक नाव देई. दोघांच्या तात्पुरत्या फाइली एकमेकींत मिसळल्या. एका कप्प्यात एका वेळी एकच माणूस काम करणार, हे तिने गृहीत धरले होते. व्यवस्था बदलली, पण ते गृहीतक तसेच मागे राहिले.

यात कोणी चोरी केली नव्हती, कोणाची वाईट इच्छाही नव्हती. पुढच्या सगळ्या इतिहासाची चुणूक मात्र येथे दिसते. एका परिस्थितीत निर्धोक असलेले गृहीतक दुसऱ्या परिस्थितीत धोक्याचे ठरते.

यादी कोणाची करायची?

सीटीएसएसनंतर एमआयटी, बेल प्रयोगशाळा आणि जनरल इलेक्ट्रिक कंपनी यांनी 'मल्टिक्स' ही मोठी कार्यप्रणाली हाती घेतली. या कामाशी संबंधित असलेल्या जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये संगणकातील माहितीच्या रक्षणावर एक दीर्घ निबंध लिहिला. त्यात त्यांनी रचनेची आठ तत्त्वे दिली. त्यांपैकी एक आपल्या विषयाचे आहे. परवानगीचा निर्णय 'कोणाला मनाई आहे' यावरून न करता 'कोणाला मुभा आहे' यावरून करावा. ज्याच्याविषयी काही सांगितलेले नाही, त्याला प्रवेश नाही. ही सूचना १९६५ मध्ये ई. ग्लेसर यांनी केली होती, असेही त्यांनी नोंदवले.

या तत्त्वामागचा युक्तिवाद फार सुंदर आहे आणि तो शाळेतील उदाहरणाने सहज समजतो. समजा, प्रयोगशाळेच्या दारावर शिपाईमामा उभे आहेत. पहिल्या पद्धतीत त्यांच्याकडे 'ज्यांना आत सोडायचे' त्यांची यादी आहे. यादी करताना एखाद्या मुलीचे नाव चुकून राहिले, तर ती दारातच अडेल, बाईंकडे तक्रार करेल आणि चूक त्याच तासाला दुरुस्त होईल. दुसऱ्या पद्धतीत मामांकडे 'ज्यांना आत सोडायचे नाही' त्यांची यादी आहे. तिच्यात एक नाव राहिले, तर तो मुलगा निमूटपणे आत जाईल. तो तक्रार करणार नाही, दुसऱ्या कोणाच्या लक्षातही येणार नाही. आम्लाची बाटली फुटेल तेव्हाच चूक उघड होईल.

चुका दोन्ही पद्धतींत होणारच. फरक इतकाच की बंद मांडणीतील चूक ओरडून सांगते आणि उघड्या मांडणीतील चूक गप्प बसते. म्हणून पहिली सुरक्षित.

पण याच फरकाकडे कार्यप्रणाली विकणाऱ्याच्या नजरेने पाहा. बंद मांडणीतील प्रत्येक चूक ओरडते, म्हणजे ग्राहकाचा दूरध्वनी येतो. छपाईयंत्र चालत नाही, शेजारच्या संगणकावरची फाइल उघडत नाही, जुनी आज्ञावली अडते. उघड्या मांडणीत सगळे पहिल्याच दिवशी सुरळीत चालते. तिचे नुकसान उशिरा होते, आणि बहुधा दुसऱ्याच कोणाचे तरी होते. ज्या गुणामुळे बंद मांडणी सुरक्षित ठरते, त्याच गुणामुळे ती विक्रेत्याला नकोशी वाटते. आपल्या कोड्याचे उत्तर बरेचसे येथे आहे.

युनिक्सचा मुखवटा

बेल प्रयोगशाळेने १९६९ मध्ये मल्टिक्समधून अंग काढून घेतले. त्याच वर्षी तेथील केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी एका लहान यंत्रासाठी नवी कार्यप्रणाली लिहायला घेतली. तीच युनिक्स. आजच्या लिनक्सची घडण तिच्याच धर्तीवर झालेली आहे. युनिक्स वाढली ती एका छोट्या, परस्परांवर विश्वास असलेल्या गटात. रिची यांनी पुढे युनिक्सच्या सुरक्षिततेवरील टिपणात स्पष्टच लिहिले की ती सुरक्षितता डोळ्यांपुढे ठेवून घडवलेली नव्हती.

युनिक्समध्ये प्रत्येक फाइलीबाबत तीन प्रकारची माणसे मानली जातात : मालक, त्याचा गट आणि इतर सर्व. प्रत्येकाला तीन प्रकारची मुभा असू शकते. वाचण्याची मुभा म्हणजे ४, लिहिण्याची २ आणि चालवण्याची १. यांची बेरीज करून प्रत्येकासाठी एक अंक मिळतो. ६४४ म्हणजे मालकाने वाचावे व लिहावे (४ + २), गटाने आणि इतरांनी फक्त वाचावे.

नवी फाइल तयार करताना आज्ञावल्या साधारणपणे ६६६ ची मागणी करतात, म्हणजे सर्वांना वाचण्याची आणि लिहिण्याचीही मुभा. चार सहकाऱ्यांत हे चालून गेले. पण युनिक्स विद्यापीठांत आणि कंपन्यांत पसरली, एकेका यंत्रावर वेगवेगळ्या संस्थांची शेकडो माणसे आली, आणि कोणीही कोणाच्याही फाइलीत खाडाखोड करावी अशी स्थिती निर्माण झाली. आधी महत्त्वाच्या फाइलींची मुभा एकेक करून आवळण्यात आली. तो काही सर्वसाधारण उपाय नव्हे. मग १९७८ च्या सुमारास, युनिक्सच्या सातव्या आवृत्तीच्या वेळी, 'यूमास्क' नावाची सोय आली.

मास्क म्हणजे मुखवटा. मुखवट्यातून काही भाग दिसतो, काही झाकला जातो. आज्ञावली कितीही मागो, मुखवट्याने झाकलेली मुभा नव्या फाइलीला मिळत नाही. मुखवटा ०२२ असेल, तर गटाची आणि इतरांची लिहिण्याची मुभा झाकली जाते आणि ६६६ ची मागणी ६४४ वर येते. ०७७ असेल, तर फक्त मालकाला मुभा उरते, म्हणजे ६००. ही युक्ती मोठी चतुर होती. आधी लिहिलेल्या असंख्य आज्ञावल्यांना हात न लावता सगळ्यांची गृहीत मांडणी एका ठिकाणाहून बदलता येऊ लागली.

बहुतेक ठिकाणी ०२२ हा मुखवटा रूढ झाला. लिहिणे बंद झाले, पण वाचणे उघडेच राहिले. याचा पडसाद अगदी अलीकडेपर्यंत उमटत होता. लिनक्सच्या 'उबुंटू' या लोकप्रिय वितरणात प्रत्येक वापरकर्त्याचा स्वतःचा कप्पा ७५५ या मुभेने तयार होई. म्हणजे त्याच संगणकावरील दुसरा वापरकर्ता त्यात डोकावू शके. एप्रिल २०२१ मध्ये आलेल्या २१.०४ या आवृत्तीपासून नव्या कप्प्यांसाठी ती ७५० करण्यात आली. शेवटच्या जागी ५ चा ० व्हायला चार दशके लागली.

किल्ली दारालाच

१९८०च्या दशकात संगणक जाळ्यांनी जोडले गेले आणि उघड्या मांडणीचा लाभ घेणारा माणूस आता जगात कोठेही असू शकत होता. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणकवापराच्या हिशेबात ७५ सेंट जुळेनात. क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाला त्याचा छडा लावायला सांगितले गेले. पाऊणच डॉलरची चूक, पण तिचा माग थेट पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरातील एका घुसखोरापर्यंत पोचला. त्याने सुमारे ४५० संगणकांवर प्रयत्न केले होते आणि तिसाहून अधिक संगणकांत शिरकाव मिळवला होता.

त्याची साधने फारशी असाधारण नव्हती. प्रयोगशाळेतील टपाल हलवणाऱ्या एका साध्या आज्ञावलीला सर्वाधिकार देऊन ठेवलेले होते. तिच्याद्वारे त्याने आपली फाइल व्यवस्थेच्या गाभ्यात ठेवली. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या 'व्हीएमएस' कार्यप्रणालीवर तर काम आणखी सोपे होते. तिच्यासोबत काही खाती आधीच तयार येत. 'सिस्टीम' या खात्याचा परवलीचा शब्द 'मॅनेजर', 'फील्ड' या खात्याचा 'सर्व्हिस'. व्यवस्थापकांनी ते बसवल्यावर बदलावेत अशी अपेक्षा होती. पुष्कळांनी ते बदललेच नाहीत.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने जाळ्यावर सोडलेल्या आज्ञावलीने, 'मॉरिस वर्म'ने, त्या वेळच्या अंदाजानुसार सुमारे ६,००० संगणक ठप्प केले. तिने वापरलेल्या वाटांपैकी एक 'सेंडमेल' या टपाल आज्ञावलीतील होती. चाचणी घेताना सोयीचे जावे म्हणून तिच्यात एक खास कळ ठेवलेली होती. ती चालू असल्यास पत्रपेटीऐवजी थेट एखाद्या आज्ञावलीकडे मजकूर धाडता येई. चाचणी संपली तरी अनेक ठिकाणी ती कळ चालूच राहिली होती. या घटनेनंतर त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणक आणीबाणीसाठी 'सर्ट' हे केंद्र स्थापन झाले.

याच काळातील आणखी एक उदाहरण सन कंपनीच्या 'सनओएस'चे. ज्या संगणकांवर विश्वास ठेवायचा त्यांची यादी एका फाइलीत असे. कंपनीकडून येताना त्या फाइलीत फक्त एक अधिकचिन्ह असे. त्याचा अर्थ, जगातील सर्व संगणक विश्वासू!

दोन मार्ग

उपाय दोन होते. पहिला म्हणजे उघडी दारे शोधत फिरणे. १९९०च्या सुमारास डॅन फार्मर यांनी लिहिलेली 'कॉप्स' ही आज्ञावली युनिक्स यंत्रावर कोणत्या फाइली सर्वांना लिहिता येतात, कोणते परवलीचे शब्द कच्चे आहेत, हे तपासून अहवाल देई. उपयोगी खरी, पण ती वापरण्याइतके जागरूक व्यवस्थापक मोजकेच.

दुसरा मार्ग कॅनडातील कॅलगरी येथील थिओ द राट यांनी धरला. १९९५ मध्ये त्यांनी 'ओपनबीएसडी' ही कार्यप्रणाली सुरू केली. तिची भूमिका साधी होती. कार्यप्रणाली नुकती बसवलेली असताना, कोणी काहीही न बदलता, ती सुरक्षित असली पाहिजे. अत्यावश्यक नसलेली प्रत्येक सेवा बंद, ज्याला हवी त्याने माहिती वाचून ती सुरू करावी. सुमारे सहा वर्षे तिच्या मूळ मांडणीत बाहेरून शिरता येईल असे एकही छिद्र सापडले नव्हते. २००२ मध्ये एक सापडले, तेव्हा आपल्या घोषवाक्यात बदल करून त्यांनी तो आकडा प्रामाणिकपणे छापला, आणि २००७ मध्ये तो दोन केला. तिचा वापर करणारे मात्र जाणकार होते. सामान्य माणसाच्या टेबलावर होती ती विंडोज.

घरोघरचा संगणक

विंडोजच्या गृहीत मांडणीचा सूर 'सगळे चालू' असा होता. विंडोज २००० च्या सर्व्हर आवृत्तीत जाळ्यावर पाने पुरवणारी सेवा मागणी न करताच बसवली जाई. आपल्या यंत्रावर ती चालू आहे हेच अनेकांना ठाऊक नव्हते. तिच्यातील दोष दुरुस्त करणारी आज्ञावली जून २००१ मध्ये आली होती, पण जी गोष्ट आपल्याकडे आहे हे माहीत नाही ती कोण दुरुस्त करणार? १९ जुलै २००१ रोजी 'कोड रेड'ने चौदा तासांच्या आत ३,५९,००० हून अधिक संगणक ग्रासले.

१५ जानेवारी २००२ रोजी बिल गेट्स यांनी मायक्रोसॉफ्टच्या कर्मचाऱ्यांना पत्र लिहून नव्या सोयींपेक्षा सुरक्षिततेला आधी स्थान द्यायला सांगितले. २००३ च्या विंडोज सर्व्हरमध्ये पाने पुरवणारी सेवा बहुतेक आवृत्त्यांत मागितल्याशिवाय बसेनाशी झाली. पण घरगुती 'एक्सपी' तशीच होती. तिच्यात बाहेरच्या विनंत्या अडवणारी भिंत, म्हणजे 'फायरवॉल', २००१ पासून होती. होती, पण बंद! ११ ऑगस्ट २००३ रोजी 'ब्लास्टर' पसरला आणि जाळ्याला नुसते जोडलेले संगणक आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागले. ऑगस्ट २००४ मधील दुसऱ्या मोठ्या सुधारणेत ती भिंत गृहीत चालू करण्यात आली. काही आज्ञावल्या अडल्या, तक्रारी आल्या. म्हणजे बंद मांडणी जे करते ते तिने केले. यावेळी कंपनीने तो त्रास पत्करला.

आपल्याकडील अनेक शिक्षकांना पेनड्राइव्हमधून येणारे विषाणू आठवत असतील. पेनड्राइव्ह लावताच त्यावरील आज्ञावली आपोआप सुरू व्हावी, ही सोय मुळात सीडीसाठी केलेली होती. 'अनोळखी पेनड्राइव्ह लावू नका' असे फलक कितीतरी संगणककक्षांत लागले. फेब्रुवारी २०११ मध्ये जुन्या विंडोजमध्येही पेनड्राइव्हसाठी ही सोय बंद करण्यात आली, आणि त्या मार्गाने होणारा संसर्ग स्पष्टपणे घटल्याचे मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी जाहीर केले. कोट्यवधी लोकांना केलेल्या उपदेशाने जे साधले नाही, ते एका गृहीत निर्णयाने साधले.

बंद दाराचीही मर्यादा

मग सगळेच बंद करून टाकावे काय? तसे नाही. २००७ मध्ये सर्वांसाठी आलेल्या 'व्हिस्टा'ने महत्त्वाच्या प्रत्येक कामाआधी परवानगी विचारायला सुरुवात केली. ती इतक्यांदा विचारे की लोक न वाचता 'होय' दाबू लागले, काहींनी ती विचारणाच बंद केली. २००९ च्या 'विंडोज ७' मध्ये तिचे प्रमाण कमी करावे लागले. सॉल्ट्झर आणि श्रोडर यांच्या आठ तत्त्वांत हेही होते. रक्षणाची व्यवस्था माणसाला सहज पेलेल अशी हवी, नाही तर तो ती चुकीची वापरेल. बंद दार आणि हाताशी येणारी कडी, दोन्ही एकत्र लागतात.

हाच धडा नव्या वस्तूंबरोबर पुन्हा गिरवावा लागला. २०१६ मध्ये 'मिराई' या आज्ञावलीने कारखान्यातून आलेल्या साठेक ठरावीक नाव-परवलीच्या जोड्या वापरून घरांतील लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. १९८६ ची 'सिस्टीम-मॅनेजर' जोडी तीस वर्षांनी वेगळ्या पेटीतून परत आली होती. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून असे सर्वांना समान परवलीचे शब्द घालून वस्तू विकण्यास कायद्याने बंदी आली. कायदा कशासाठी? उघड्या मांडणीचे नुकसान दुसऱ्याला सोसावे लागते, म्हणून तो खर्च तयार करणाऱ्याच्या दारात परत नेण्यासाठी.

वर्गात करून पाहण्यासाठी

द्विमान पद्धत शिकवताना युनिक्सचा मुखवटा हे उत्तम उदाहरण आहे. ६ म्हणजे ११०, ४ म्हणजे १००, २ म्हणजे ०१०. मुलांना ६६६ ही मागणी नऊ चौकटींत लिहायला सांगा : ११० ११० ११०. तिच्याखाली मुखवटा ०२२ : ००० ०१० ०१०. मुखवट्यात जेथे १ आहे तेथे वर शून्य करा. उत्तर ११० १०० १००, म्हणजे ६४४. मुले लगेच म्हणतील, 'ही तर वजाबाकी!' मग त्यांना ०३३ हा मुखवटा द्या. वजाबाकीने ६३३ येते, चौकटींनी मात्र पुन्हा ६४४ च. जी मुभा मागितलीच नव्हती ती झाकून काही बदलत नाही, हे त्यांना स्वतःच सापडेल.

त्यानंतर शाळेतील एका संगणकावर मुलांबरोबर बसून तीन गोष्टी पाहाव्यात : फायरवॉल चालू आहे का, मुले ज्या खात्यावर काम करतात त्याला सर्वाधिकार आहेत का, आणि शाळेच्या राउटरचा परवलीचा शब्द कारखान्यातून आला तोच आहे का. ज्या निर्णयांवर आपण रोज विसंबतो ते कोणी घेतले आणि कोणाच्या सोयीसाठी घेतले, ही चर्चा या तीन प्रश्नांतून आपोआप सुरू होईल.